मंदिराची कोठी आणि गावाची पंगत

श्रींच्या कृपेने आणि ग्रामस्थ व देणगीदार यांच्या सहकार्याने आपल्या मारुतीच्या देवालयाचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला. जुन्या मातीच्या भिंतींच्या जागी पक्के बांधकाम झाले, सभामंडप वाढला, कळस चढला. त्या कामाचा जमाखर्च व देणगीदारांची नामावली या स्मरणिकेत अन्यत्र दिलेली आहेच. प्रस्तुत लेखात देवालयाच्या उत्तर अंगास असलेल्या, फारसे कोणाचे लक्ष न जाणाऱ्या एका खोलीविषयी लिहिण्याचे योजिले आहे. ती खोली म्हणजे आपली कोठी.

जीर्णोद्धाराचा नकाशा प्रथम गावापुढे आला तेव्हा त्यात ही कोठी नव्हती. ती पाडली असती तर सभामंडप आणखी दहा-बारा फूट लांब झाला असता. “आता रेशनवर धान्य मिळते, भंडाऱ्याला आचारी सामानासकट येतो, मग रिकाम्या खोलीसाठी मंडप लहान का करायचा?” असा प्रश्न बैठकीत निघाला. प्रश्न चुकीचा नव्हता. त्यावर दोन बैठका झाल्या, काही कठोर शब्दही बोलले गेले, आणि अखेर कोठी ठेवण्याचे ठरले. ज्यांना तो निर्णय पटला नाही त्यांना, व ज्यांना पटला पण कारण नीट सांगता आले नाही त्यांनाही, या खोलीमागचा इतिहास ठाऊक असावा एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

पेव आणि कोठी

अन्नाचे कोठार उघडणारा पुरुष म्हणून महाराष्ट्रात पहिले नाव निघते ते मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे. पंधराव्या शतकातील दुष्काळात बिदरच्या बादशहाचे धान्य त्यांनी उपाशी लोकांस वाटले, ही कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. कथेत पुढे विठोबा महाराचे रूप घेऊन बादशहाच्या दरबारी रक्कम भरतो. भाविक मन तेथे थांबते व हात जोडते. परंतु व्यवहारी मनाने त्याच्या अलीकडची गोष्टही पाहावी. दामाजीपंतांना धान्य वाटता आले, कारण कोठार भरलेले होते. कोठार रिकामे असते तर त्यांच्याजवळ केवळ दया उरली असती.

आपल्या वऱ्हाडात हे काम पेवे करीत. उंच, कोरडी, निचऱ्याची जागा पाहून खड्डा खणायचा, आतून गवत-कडब्याचे अस्तर द्यायचे, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. चांगल्या पेवातली ज्वारी कित्येक वर्षे टिके. पेव उघडल्यावर आत एकदम उतरायचे नाही, कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते, हे जुन्या माणसांना माहीत असे. एक साल बुडाले तरी मागच्या सालाची ज्वारी गावाच्या पोटात, अगदी शब्दशः जमिनीच्या पोटात, शिल्लक राही.

ही घडी एकोणिसाव्या शतकात विस्कटली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेस जाईना आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने जाणारी आगगाडी १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचली. खामगावचा कापसाचा बाजार देशभर नावाजला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी स्वतः येऊन जलंब–खामगाव ही शाखा सुरू केली. शेतकऱ्याच्या हाती रोकड आली ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्वारीच्या रानात कापूस आला आणि पेवात टाकण्यापेक्षा धान्य विकणे फायद्याचे ठरू लागले. साल चांगले असताना कोणाला काही उणे भासले नाही. वाईट साल आले तेव्हा पेव रिकामे निघाले आणि बाजारात धान्य असूनही ते घेण्याची ऐपत मजुराजवळ नव्हती.

छप्पन्नचा दुष्काळ

ते साल लवकरच आले. १८९६–९७ मध्ये एक झटका बसला, आणि त्यातून सावरण्याच्या आतच १८९९–१९०० चा मोठा दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ मुळे तो ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणून ओळखला जातो. १९०१ च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सव्वाचार लाख भरली. आधीच्या दहा वर्षांत ती शेकडा १२ ने घटली होती. त्या वेळी जिल्ह्यात चिखली, मेहकर व मलकापूर हे तीनच तालुके होते. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ मध्ये अकोल्यातून आपल्याकडे आले. शेकडा बारा म्हणजे शंभर माणसांच्या वस्तीतली बारा माणसे कमी. काही मेली, काही देशोधडीस लागली, काही जन्मलीच नाहीत.

१८७६–७८ च्या दुष्काळानंतर सरकारने दुष्काळाचे नियम बांधले होते. धडधाकट माणसाला खडी फोडण्याचे किंवा तलाव-रस्त्याचे काम व त्यावर मजुरी. अपंग, वृद्ध, आजारी व पोरके मूल यांना फुकट मदत, आणि त्यातही लहान मुले व दुर्बळ माणसे यांच्यासाठी शिजवलेले अन्न, अशी ती रचना होती. शिजवलेलेच का? कोरडे धान्य विकले जाऊ शकते, घरातला बळकट माणूस ते हिसकावून घेऊ शकतो, आणि ज्याच्या अंगात उठण्याचे बळ नाही त्याला दळण-कांडण कोठून होणार? ताटात पडलेली भाकरी मात्र ज्याच्यासाठी आहे त्याच्याच पोटात जाते.

येथे एक कटू गोष्टही नमूद केली पाहिजे. या सरकारी अन्नछत्रांत जाण्यास अनेक लोक शेवटपर्यंत कचरले. कोणी शिजवले, कोणाच्या शेजारी बसायचे, या विचाराने माणसे उपाशी राहिली. आणि ज्यांना गावच्या पंगतीत कधी बसूच दिले नव्हते, ज्यांना उरलेसुरले दुरून वाढण्याची आपली रीत होती, त्यांचे दुःख तर दुष्काळाच्या आधीपासूनचे होते. आपल्या गावच्या भंडाऱ्यातही एके काळी पंगती वेगळ्या बसत, हे वृद्धांना माहीत आहे. देवळाच्या इतिहासात ते झाकून ठेवणे बरे नव्हे. ज्या पंगतीत जात विचारली जाते ती पंगत संकटाच्या दिवशी मोडते, कारण त्या दिवशी भूक जात पाहून येत नाही.

यानंतर १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वांत जास्त झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. या साथीत एक नवीनच संकट दिसले. घरात ज्वारी असे, पण घरातली सगळी माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळलेली. चूल पेटवायला कोणी उभे नाही. शंभर वर्षांनी, २०२० मध्ये, हीच गोष्ट आपण पुन्हा पाहिली.

शेगाव, ऋणमोचन आणि हिवरा

दुष्काळाची ही वर्षे ज्या काळात येत होती, त्याच काळात शेगावी संत गजानन महाराजांचा वास होता. २३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमीस ते प्रकट झाले. देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना ते बंकटलाल अगरवाल व दामोदरपंत कुलकर्णी यांना प्रथम दिसले, असे दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात वर्णन आहे. आपल्या जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या दैवताची पहिली ओळख अशी उष्ट्या पत्रावळीवरील शितातून व्हावी, यातला उपदेश निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. आजही महाराजांच्या नैवेद्यास झुणका-भाकर व अंबाडीची भाजी लागते. म्हणजे जे गरिबाच्या घरी शिजते तेच.

महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. त्याआधीच, १९०८ मध्ये, संस्थानची स्थापना झाली होती. संस्थानचा महाप्रसाद आपल्यापैकी प्रत्येकाने घेतला असेल. घेताना ताटाकडे पाहिले असेल, आता वाढणाऱ्याकडे पाहावे. ठरलेल्या दिवसांपुरती सेवा देऊन आपल्या घरी परत जाणारे असे हजारो सेवेकरी गावोगावचे आहेत. एक तुकडी गेली की दुसरी हजर होते. त्यामुळे कोणी थकत नाही, कोणी रुसत नाही आणि कोणावाचून काम अडत नाही. संस्थानच्या कारभाराला ही शिस्त लावण्यात ज्यांनी आयुष्य वेचले ते कर्मयोगी शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तले. त्यांची शिस्त मात्र दररोज दोन्ही वेळा पंगतीत वाढली जाते.

वऱ्हाडचे दुसरे थोर नाव संत गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली त्यांचा जन्म झाला. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे यात्रेच्या वेळी आंधळे, पांगळे व महारोगी यांना पंगतीस बसवून जेवू घालण्याची प्रथा त्यांनी सांभाळली. देवळाच्या वाटेवर ज्यांना लोक ओलांडून जात, त्यांना बाबांनी पंगतीच्या मध्यावर आणले. त्याच बाबांनी, कर्ज काढून घातलेल्या जेवणावळींवर मात्र आयुष्यभर झोड उठविली. सावकाराच्या पैशाने गावजेवण घालणे हे त्यांच्या लेखी अन्नदान नव्हते. जे आपल्याजवळ आहे त्यातून, झेपेल तेवढे, पण नेमाने द्यावे असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

घाटावर मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी १९६५ मध्ये विवेकानंद आश्रम उभारला. तेथील विवेकानंद जयंती उत्सवातील पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद सर्वश्रुत आहे. रानात पंगती बसतात, ट्रॅक्टरमधून पुऱ्या व भाजी येते, आणि लाखांच्या घरातला समुदाय शांतपणे जेवून उठतो. एवढ्या लोकांसाठी रांधणे व वाढणे आपल्या जिल्ह्यातील साध्या शेतकरी माणसांना येते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोठी कढई चढवण्यात आपण कच्चे नाही. आपली खरी परीक्षा होते ती उत्सव नसलेल्या दिवशी, पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी, जेव्हा ढोल-ताशे नसतात आणि तरीही चूल पेटवावी लागते.

बहात्तरचा दुष्काळ

आज सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना १९७२ चा दुष्काळ चांगला आठवतो. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, नाला बांध, पाझर तलाव ही ती कामे. कामावर सुकडी वाटली जाई आणि रेशनवर परदेशातून आलेली मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी लाल होई, धड थापली जात नसे, पण तिने जीव जगवले. या दुष्काळातून महाराष्ट्राने एक मोठी गोष्ट मिळवली. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मागेल त्याला काम मिळाले तर तो आपल्या घामाची भाकरी खाईल, त्याला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, हे त्यातले तत्त्व.

तथापि काम मागण्यासाठीही अंगात बळ लागते. एकटी म्हातारी, अंथरुणावरचा माणूस, गावोगाव फिरणारे व शिधापत्रिका नसलेले कुटुंब यांच्यापर्यंत कामाची हमी पोचत नाही. त्यांच्यासाठी पंगतच लागते.

२०२० चे दिवस

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. २८ मार्च रोजी बुलढाण्यात कोरोनाचा पहिला मृत्यू झाला आणि जिल्हा हबकून गेला. देवळे त्याआधीच बंद झाली होती. ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास, उघडली. जुन्या सहा नंबरच्या, आता ५३ क्रमांकाच्या महामार्गाने मलकापूर, नांदुरा, खामगाव मार्गे माणसे पायी चालली होती. मुंबई-सुरतेकडून निघालेली, कोणी नागपूरकडे, कोणी छत्तीसगडला, कोणी थेट ओरिसाला. शेजारच्या मराठवाड्यात ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळावर झोपी गेलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याहून भुसावळच्या गाडीच्या आशेने चालत निघाले होते. त्यांच्या शिदोरीतल्या पोळ्या रुळावर विखुरलेल्या आपण सर्वांनी वर्तमानपत्रात पाहिल्या.

त्या दिवसांत शेगाव संस्थानने मंदिर बंद असतानाही स्वयंपाकघर बंद ठेवले नाही. रोज सुमारे २ हजार गरजूंच्या जेवणाची सोय आणि भक्तनिवासात विलगीकरणाची व्यवस्था संस्थानने केल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळच्या महामार्गावर, जेथे कोसन् कोस खाण्यापिण्याची सोय नव्हती, तेथे बाबा कर्नेलसिंग खैरा या ऐंशी ओलांडलेल्या शीख सेवेकऱ्याने लंगर चालविला. दहा आठवड्यांत तेथे २० लाखांवर लोक जेवून गेल्याचे प्रसिद्ध झाले. जेवण साधेच, वरण-भात, आणि वाढणारे हातही थोडेच. पण तो लंगर १९८८ पासून रोज चालू होता. चूल आधीच पेटलेली होती म्हणूनच संकटाच्या दिवशी ती वाढवता आली. सरकारची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झाली होती. टाळेबंदीत ती तालुक्यांपर्यंत आणून पाच रुपयांत दिली गेली आणि पुढे १५ एप्रिल २०२१ पासून काही काळ विनामूल्य झाली. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण आणि मूदभर भात, एवढी ती थाळी होती. तालुक्याच्या गावी तिने पुष्कळांना तारले. खेड्यापर्यंत मात्र ती येऊ शकली नाही.

आपल्या गावातही पंगत चालली. ती कशी चालली हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे, कारण कोठी ठेवण्याचे खरे कारण त्यात आहे.

सुरुवातीच्या आठवड्यात उत्साह दांडगा होता. भंडाऱ्याची सवय असल्यामुळे आपण भंडाऱ्याचाच स्वयंपाक केला : पुरी, वांग्याची भाजी, शिरा. तेलाचे डबे आले, साखर आली, वाढायला मुले इतकी की एकमेकांना अडचण. जेवणारे साठ-पासष्ट : वीटभट्टीवर अडकलेली परगावची कुटुंबे, गावाबाहेर पाल टाकून राहिलेले लोक, एकटी राहणारी म्हातारी माणसे, आणि महामार्गावरून वळून आलेले वाटसरू. दुसऱ्या आठवड्यात तेल संपले. तिसऱ्या आठवड्यात गहू भरपूर आणि डाळ नाही, अशी अवस्था झाली, कारण ज्याने त्याने आपल्या मनाने गहूच दिला होता. रांधणारी चार माणसे रोज तीच, त्यांची पाठ धरली. सिलिंडर मिळेना. एके दिवशी दुपारचे बारा वाजले तरी चूल पेटली नव्हती आणि भट्टीवरची मुले पाटाच्या कडेला रिकाम्या ताटल्या घेऊन बसली होती. ते दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत.

त्या दुपारी बायांनी वाट काढली. देवळात पोळ्या-पुऱ्या करायच्याच नाहीत. घरटी चार भाकरी जास्त थापायच्या, गल्लीवार पाळी लावायची, आणि देवळामागे फक्त एक मोठे पातेले वरणाचे किंवा पिठल्याचे चढवायचे. ज्या घरात आजारी आहे त्या घराची पाळी पुढच्याने घ्यायची. दुसऱ्या दिवसापासून काम निम्म्यावर आले. डाळीची उणीव मात्र कोठीने भरून काढली. आदल्या हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यातली तुरीची डाळ व ज्वारी कोठीत शिल्लक होती, आणि ती शिल्लक ठेवल्याबद्दल कोठी सांभाळणाऱ्यांना आधी बोलणीही खावी लागली होती. बाहेरून मदत पुन्हा सुरू होईपर्यंतचे मधले दिवस त्या शिलकीवर निघाले.

आपली एक मोठी चूकही झाली. जे पंगतीला आले त्यांना आपण वाढले. जे आले नाहीत त्यांचा विचार केला नाही. मिंधेपणा नको म्हणून, किंवा एके काळी स्वतः वर्गणी देणाऱ्या घरातले म्हणून, काही जण उपाशी राहूनही आले नाहीत. एका म्हातारीच्या चुलीतून पाच दिवस धूर निघाला नाही, हे शेजारणीने सांगितले तेव्हा आपल्याला कळले. त्यानंतर डबे घरपोच जाऊ लागले. आणि पहिल्या आठवड्यात जे फोटो काढून मोबाइलवर फिरवले गेले, ते बंद करण्यात आले. फोटोच्या भीतीने तोंड लपवणारा माणूस जेवायचा कसा? या स्मरणिकेत देणगीदारांची यादी आहे, तशी ती असावीही. पंगतीत जेवणाऱ्यांची यादी मात्र कधीही कोठेही छापली जाऊ नये.

कोठी पुढे कशी चालावी

साठ माणसांचे एक वेळचे साधे जेवण म्हणजे काय, याचा हिशेब सर्वांना माहीत असावा. माणशी दीडशे ग्रॅम पीठ धरले तर रोज ९ किलो, महिन्याला २७० किलो. माणशी चाळीस ग्रॅम डाळ म्हणजे महिन्याला ७२ किलो. पंधरा ग्रॅम तेल म्हणजे महिन्याला २७ किलो. शिवाय मीठ, तिखट, हळद आणि जळण. म्हणजे पावणेतीन क्विंटल ज्वारी, पाऊण क्विंटल डाळ आणि दोन मोठे डबे तेल एवढ्यात गावातली साठ माणसे महिनाभर उपाशी राहत नाहीत. एवढे गावाला झेपणारे आहे. न झेपणारे आहे ते संकट आल्यावर एका दिवसात जमवणे.

त्यातही आज एक अडचण आहे. जसा एके काळी कापसाने ज्वारीचा पेरा कमी केला, तसा आता सोयाबीनने केला आहे. शेतकऱ्याने नगदी पीक घ्यावे, त्याला दोष नाही. पण सोयाबीनची भाकरी होत नाही. म्हणून ज्यांच्या घरी ज्वारी पिकते त्यांनी सुगीनंतर पायलीभर ज्वारी द्यावी, ज्यांच्याकडे पिकत नाही त्यांनी तेवढ्या किमतीची डाळ द्यावी, आणि काय हवे ते देणाऱ्याने नव्हे, कोठी सांभाळणाऱ्याने सांगावे. धान्य साठवून किडू देणे हेही पापच. त्याकरिता दरसाल हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यात कोठीतले जुने धान्य शिजवावे व नवे भरावे, म्हणजे कोठी कधी रिकामी राहणार नाही आणि कधी कुबटही होणार नाही. रांधण्या-वाढण्याच्या पाळ्या गल्लीवार कागदावर मांडून ठेवाव्यात आणि कोणत्या घरात एकटे माणूस आहे हे प्रत्येक गल्लीने ध्यानात ठेवावे.

जीर्णोद्धारात कोठीला नवी फरशी, पत्र्याचे दार व उंदीर शिरणार नाहीत अशा जाळ्या बसल्या आहेत. हा लेख छापावयास जाईपर्यंत आत धान्य मात्र पडलेले नाही. कळसासाठी आपण सढळ हाताने दिले. कळस दुरून दिसतो, गावाची शान वाढवतो. कोठी कोणाला दिसत नाही. पण पुढचे वाईट साल येईल, आणि ते येणारच, तेव्हा गावातली म्हातारी-कोतारी, भट्टीवरची मुले आणि वाटेने चाललेला परका माणूस आधी कोठीच्या दाराकडे पाहील.

ते दार उघडल्यावर आत ज्वारी असावी, एवढी बुद्धी आपणा सर्वांस लाभो, हीच श्री मारुतिरायाच्या चरणी प्रार्थना.